अर्ज सातवा

माननीय साहेब,
हे लिहितोय तेव्हा रात्रीचे एक चाळीस झालेत
आणि वर, तीनशे चारमध्ये,
धप्. मग किर्रर्र. मग धप्.
मी पुंडलिक गायधनी, जेल रोड.
पूर्ण पत्ता मागच्या सहा अर्जांवर आहे,
सहाही तुमच्याकडेच आहेत, असं मी धरून चालतो.

तुमचे हवालदार खैरनार एकदा येऊन गेले.
चांगला माणूस. चहा घेतला, टोपी मांडीवर ठेवली.
नेमकी तेव्हा लाइट गेलेली.
अंधारात म्हणाले, काका, कुठाय आवाज?
मग म्हणाले, देवळालीच्या तोफा बऱ्या चालतात तुम्हाला.
मग म्हणाले, प्रेसमध्ये होतात ना? सवय असेल.

होती, साहेब.
एकतीस वर्षं छपाई यंत्राशेजारी उभा राहिलो,
डावा कान तिथंच ठेवून निवृत्त झालो.
त्याचा अर्ज कुणाकडे केला नाही.
त्या आवाजाचा पगार मिळायचा
आणि पाळी सुटली की तोही सुटायचा.
हा सुटत नाही.
उजवा कान उशीत दाबतो
तर खांबातून उतरतो, पलंगाच्या पायातून चढतो,
दाढेत येऊन बसतो.

सोसायटीचे मुठाळ म्हणाले, लेखी द्या.
लेखी दिलं तर म्हणाले, सभेत मांडा.
सभा गच्चीवर झाली, वडे होते,
पाण्याच्या टाकीवरच संपली.
महापालिकेत म्हणाले, हे पोलिसांचं.
उद्योग भवनात म्हणाले, घरातलं मशीन म्हणजे कारखाना नव्हे,
कारखाना असता तर आलो असतो.
आवाज मोजायचा मीटर आहे. एकच आहे.
तो गणपतीत बाहेर निघतो.
परवा मोबाइलवर आलं:
आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.
वेळ पाहिली. दोन वाजून सात,
धप् आणि किर्रर्रच्या मधे.

वर तुषार बोराडे राहतो.
अंबडला एका कंपनीत होता, ती कंपनी आता नाही.
जुनं पंचिंग मशीन आणलंय, वायसर पाडतो.
मी दोनदा वर गेलो.
पहिल्यांदा दार उघडलं नाही.
दुसऱ्यांदा त्याच्या बायकोनं उघडलं,
हात कोपरापर्यंत ऑइलचे,
आणि मागे, त्या सगळ्या दणदणाटात,
फरशीवर पोरगं झोपलेलं. पालथं, तोंड उघडं टाकून.
ती म्हणाली, काय म्हणताय ऐकू येत नाही.
मी म्हणालो, तेच म्हणतोय.
दार लागलं.

हे आधीच्या अर्जांत लिहिलं नव्हतं.
विषयाला धरून नव्हतं.

आता विषयाला धरून:
एका रात्रीत साधारण दोन हजार शंभर ठोके.
मोजतो मी. शंभर झाले की मनातल्या मनात पट्टी लावतो,
जुनी खोड.
गेल्या सोमवारपासून किर्रर्र लांबलंय.
बेअरिंग कोरडं पडलंय, साहेब.
मागच्या उजव्या पायाखाली पाचरही नाही,
म्हणून दर ठोक्याला यंत्र
सूतभर सरकतं, माझ्या डोक्याच्या दिशेनं.
असंच चाललं तर शाफ्ट तुटेल.
तुटेल तेव्हा जवळ कुणाचा हात असेल
ते मला खालून कळणार नाही.

तरी विनंती की
हे कोणत्या खात्यात येतं ते कळवावं.
ग्रीसचा डबा मी आणून ठेवलाय.
चपलांच्या मांडणीवर आहे, तीन दिवस झाले.
तक्रारदाराने ग्रीस द्यावं की देऊ नये
असा काही नियम असल्यास प्रत मिळावी.
अर्ज मागे घेत नाही.

दोन वाजले.
एक हजार चारशे बारा.
तेरा.
पोच द्यावी.